त्या काळी चालत असे

गेल्या दिवाळीत भाऊबिजेच्या दुपारी आमच्या धंतोलीतील घरी पंधरा-वीस मंडळी जमली होती. जेवणे आटोपली होती, सांबारवड्यांचे दुसरे ताट फिरत होते, आणि दूरचित्रवाणीवर काय लावावे ह्याविषयीचा घरातील नेहमीचा वाद नेहमीप्रमाणेच मिटला होता. म्हणजे आमच्या ज्येष्ठ बंधूंनी आपल्या आवडीचा एक जुना मराठी विनोदी चित्रपट लावला होता. त्या चित्रपटाचे नाव आम्ही सांगत नाही. एकट्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असे त्याने काही केलेले नाही, आणि त्याच जातीचे पाच-पंचवीस चित्रपट वाचकांस आपोआप आठवतील. त्यात एक तोतरा गडी होता. मालकाने काही विचारावे, गड्याने पहिल्याच अक्षरावर अडकावे, मालकाने कपाळाला हात लावावा आणि प्रेक्षकांनी हसावे, अशी योजना होती. आम्ही सर्व हसलो. तिसऱ्यांदा हसून झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले की, आमच्या बहिणीचा अकरा वर्षांचा नातू पाणी पिण्यास म्हणून उठला तो परत आलेला नाही. तो मुलगा बोलताना अडखळतो.

खोलीत जी शांतता पसरली ती मोडावी म्हणून बंधू म्हणाले, "अरे, त्या काळी चालत असे हे सगळं."

ह्यावर आमच्या मातोश्री, ज्यांचे वय आज शहाऐंशी आहे आणि ज्या सहसा अशा चर्चेत पडत नाहीत, त्या कोपऱ्यातील खुर्चीवरून म्हणाल्या, "चालत नव्हतं रे. आम्ही गप्प बसत होतो, इतकंच. तुमचा धाकटा मामा कधी आपल्यासोबत सिनेमाला आला का? काय, तिकिटाला पैसे नव्हते म्हणून?"

आमचे ते मामा तोतरे होते. ते चित्रपटास येत नाहीत ते त्यांना आवड नाही म्हणून, असे आम्ही भावंडे साठ वर्षे समजत होतो.

जुने विनोदी चित्रपट आणि जुन्या विनोदी मालिका आज टिकतात की नाहीत, हा प्रश्न हल्ली घरोघरी निघतो, कारण पूर्वी एकदा पाहून विसरून जाण्याच्या ह्या गोष्टी आता केव्हाही, कितीही वेळा, तीन पिढ्यांनी एकत्र बसून पाहता येतात. प्रश्न निघाला की घराचे दोन तट पडतात. वडील मंडळी म्हणतात, पूर्वीचा विनोद निर्मळ होता, आता सर्व बाजार झाला आहे. तरुण मंडळी म्हणतात, पूर्वीचे सर्व टाकाऊ आहे, कारण त्यात बायकांची, काळ्यांची, लठ्ठांची आणि परप्रांतीयांची टवाळी आहे. आणि मग वडील मंडळींपैकी कोणी समजूतदार गृहस्थ दोहोंमध्ये तह घडवून आणण्यासाठी ते वाक्य उच्चारतो, जे आमच्या बंधूंनी उच्चारले. आमचे भांडण मुख्यतः ह्या तहाशी आहे. हे वाक्य दिसावयास उदार आहे. परंतु ते खोटे आहे. आणि ते खोटे असल्याचा पुरावा त्या काळानेच मागे ठेवलेला आहे.

काळाचा दोष असता तर जितके जुने तितके नासके असा नियम दिसावयास हवा होता. तसा तो दिसत नाही. मराठी विनोदाचे आद्य आचार्य श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे आमच्या ह्याच नागपुरात १८७१ साली जन्मले. त्यांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहिले ते विसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे ज्या काळास आपण आज सर्व अपराधांची माफी देऊन टाकतो त्या काळात. त्यांना कोणावर हसावयाचे होते? ज्योतिषावर, मुहूर्तांवर, शिमग्यावर, लग्नातील मानपानावर, पांढरपेशा ब्राह्मणी घरांतील खुळ्या रूढींवर. आणि हे हसू त्यांनी कोणाच्या तोंडून वदविले? त्याच रूढींत गळ्यापर्यंत बुडालेल्या सुदाम्याच्या आणि त्याच्या बंडूनाना व पांडूतात्या ह्या सोबत्यांच्या. सांगणारा स्वतः चिखलात उभा आहे. काठावर उभे राहून दुसऱ्यास चिखलात ढकलण्याची युक्ती तेव्हाही उपलब्ध होती, स्वस्त होती, आणि गावोगावचे नकलाकार तिच्यावर पोट भरीत होते. कोल्हटकरांनी ती घेतली नाही.

पुढे चिं. वि. जोशी आले. बडोद्यास अध्यापन करणारा, पाली भाषेचा हा पंडित. त्याने चिमणराव निर्माण केला. चिमणराव भित्रा आहे, दुबळा आहे, बढाईखोर आहे, आणि स्वतःची फजिती तो स्वतःच सांगतो. १९४० साली मास्टर विनायकांनी 'लग्न पहावं करून' हा चित्रपट केला, त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांच्या डोळ्यात तिरळेपणा होता आणि पडद्यावर तो लपविलेला नव्हता. हलक्या हाताच्या दिग्दर्शकाने त्या डोळ्यावरच दोन तास काढले असते. ह्या चित्रपटात हसू येते ते बहिणीचे लग्न जमविताना भावाची जी दमछाक होते तिचे. आणि ते हसू ज्यांच्यावर उलटते ते पत्रिका पाहणारे, हुंडा मागणारे आणि मुलीस वस्तूसारखी न्याहाळणारे लोक प्रेक्षागृहात पुढच्या रांगेत बसलेले होते. पंच्याऐंशी वर्षे होऊन गेली. आजही ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्या गृहस्थाने तो पाहावा आणि आपण जागच्या जागी चुळबूळ करतो की नाही ते सांगावे.

हाच चिमणराव १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कृष्णधवल चित्र, मोजके पडदे, कळकट दिवाणखाना. तांत्रिक दृष्टीने आजचे शाळकरी पोर आपल्या हातातील यंत्रावर ह्याहून स्वच्छ चित्रण करील. परंतु त्या मालिकेचे जे थोडे भाग आज पाहावयास मिळतात त्यांवर तेच पोर हसते. आम्ही हे आमच्या घरी पाहिले आहे. ह्याच प्रभावळकरांनी २००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मध्ये आबांचे काम केले. मालिका त्यांच्याच 'अनुदिनी' ह्या लेखनावर आधारलेली. त्यात घरातील प्रत्येक माणूस आळीपाळीने मूर्ख ठरतो आणि कोणीही कायमचा मूर्ख ठरत नाही. हिंदीत १९८८ साली आलेली 'वागळे की दुनिया' घ्या. आर. के. लक्ष्मण ह्यांच्या कल्पनेतील तो कारकून बसच्या रांगेत, साहेबापुढे आणि दुकानदारापुढे हरतो. आपण हसतो, कारण काल आपणही तेथेच हरलो होतो.

आता दुसरीकडे पाहू. १९६८ सालचा 'पडोसन' आमच्या पिढीचा लाडका चित्रपट. त्यातील गाण्यांवर आमचा जीव आहे, हे प्रथमच कबूल करतो. परंतु त्याची गोष्ट काय आहे? एक दाक्षिणात्य संगीतशिक्षक आहे. त्याने विद्या मिळविलेली आहे. त्याच्या समोरचा नायक गाऊ शकत नाही. तो नुसते ओठ हलवितो आणि मागे लपलेला मित्र गातो. त्या दोघांच्या सामन्यात हरतो तो शिक्षक, आणि लबाडी जिंकल्याचा आपल्याला आनंद होतो, कारण शिक्षकाला शेंडी आहे आणि त्याचे हिंदी उच्चार मद्रासी आहेत. मेहमूदने हे काम असे काही केले आहे की हसू आवरत नाही. परंतु चेन्नईच्या घरी बसून तो चित्रपट पाहणाऱ्या माणसास १९६८ सालीही तो तसाच दिसला असेल का, हे आपण कधी विचारले होते? उमादेवी नावाची एक गायिका होती, चांगली गायिका; चित्रपटांनी तिला टुणटुण केले आणि तिच्या देहाच्या घेराचा विनोद इतकी वर्षे पुरविला की तिचा आवाज लोक विसरून गेले. आणि ज्यांस वाटत असेल की हे सारे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, त्यांनी २००६ सालचा 'गोलमाल' आठवावा, ज्यात एक मुका तरुण केवळ त्याच्या घशातील आवाजाला हसता यावे म्हणून ठेवलेला आहे. १९७९ सालच्या हृषीकेश मुखर्जींच्या 'गोलमाल'मध्ये हसण्याचा विषय होता नोकरीसाठी खोटे बोलावे लागणारा तरुण आणि मिशीवरून माणसाची पारख करणारा मालक. नाव एकच, सत्तावीस वर्षांनी विनोद पुढे गेला की मागे, ते वाचकांनी ठरवावे.

नागपूरकरांस ह्या प्रकरणी थोडे अधिक बोलण्याचा अधिकार आहे, कारण हसणारे आणि हसवून घेणारे अशा दोन्ही बाजूंचा त्यांस अनुभव आहे. आमचे 'करून राहिलो' आणि 'येऊन राहिला', आमचे 'बे' आणि 'हाव', ही कित्येक वर्षे मराठी नाटक-सिनेमांत आयते हसू म्हणून वापरली गेली. पात्राने काही विनोदी करावयाची गरजच नसे. तोंड उघडले आणि वऱ्हाडी निघाली की पुण्या-मुंबईचे प्रेक्षागृह हसले. ह्याचा परिणाम कोठे दिसे? नागपूरचा मुलगा पुण्यास शिकावयास गेला की पहिल्या पंधरा दिवसांत वसतिगृहात दुसरी मराठी बोलू लागे, आणि सुट्टीत घरी आला म्हणजे आईशी कोणत्या भाषेत बोलावे ह्या विचारात पडे. असे मुलगे आमच्या पिढीत घरटी एक आहेत. ते त्या चित्रपटांना हसत नव्हते काय? हसत होते, सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने हसत होते, कारण न हसले तर ओळखू आले असते.

आणि तरीही पु. ल. देशपांडे ह्यांचे मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर ह्यांविषयीचे ते प्रसिद्ध प्रकरण ह्याच नागपुरात लोक तोंडपाठ म्हणतात. आम्ही ते लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे. असे का व्हावे? थट्टा तर तेथेही आहे. आम्हांस असे दिसते की पुलंनी नागपूरकर बारकाईने पाहिला होता. उच्चाराच्या आरंभीच थांबून त्यांनी काम भागविले नाही, आणि आधी मुंबईकराची, म्हणजे स्वतःच्या घरची, उजळणी करून मगच ते इकडे आले. अलीकडे अमरावतीकडचे भारत गणेशपुरे 'चला हवा येऊ द्या' ह्या कार्यक्रमात आपली वऱ्हाडी घेऊन उभे राहिले तेव्हा नागपूर-अकोल्याची घरे खूश झाली त्याचेही कारण हेच. भाषा तीच, हसणारा प्रेक्षकही तोच. परंतु बोलणारा आपला होता आणि बोलता बोलता तो दुसऱ्याला टोला देत होता. त्याच कार्यक्रमाचा दुसरा आधार साडी नेसलेले पुरुष हा होता, आणि तो विनोद फार वेळा नुसत्या साडीवरच संपत असे, हेही येथेच सांगून टाकतो.

साडीवरून १९८८ सालची 'अशी ही बनवाबनवी' आठवणे अपरिहार्य आहे. तरुण मंडळींचा तिच्यावर राग आहे तो आम्हांस अर्धवट वाटतो. दोन पुरुष बायका बनतात आणि त्यावर चित्रपट चालतो, एवढेच पाहिले तर आक्षेप खरा आहे; काही प्रसंग आज अंगावर येतात, तेही खरे. परंतु हे पुरुष साडी का नेसतात? पुण्यात ब्रह्मचाऱ्यांना खोली मिळत नाही म्हणून. वसंत सबनीसांच्या संवादांच्या तळाशी डोक्यावर छप्पर नसल्याची भीती आहे, आणि तीमुळे अशोक सराफांचा धनंजय माने प्रत्येक खोट्यासरशी अधिक घामाघूम होत जातो. आज पुण्यात किंवा बंगळुरात खोली शोधणाऱ्या, आणि आडनावावरून, आहारावरून किंवा अविवाहित असल्यावरून नकार ऐकणाऱ्या मुलामुलींनी हा चित्रपट टाकून दिला तर ते स्वतःचीच गोष्ट टाकून देतील. त्यांनी तो पुन्हा पाहावा आणि मग भांडावे. आम्ही ऐकून घेऊ. 'जाने भी दो यारों' हा १९८३ सालचा चित्रपट तर ते टाकूच शकणार नाहीत. कोठे नवा पूल कोसळल्याची बातमी आली की तो अजून प्रत्येक वेळी नवा होतो.

दादा कोंडक्यांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पांढरपेशा घरांनी त्यांस अश्लील म्हणून दाराबाहेर ठेवले आणि त्याच घरांनी मुलीच्या मागे गाणी म्हणत फिरणारा सुशिक्षित नायक दिवाणखान्यात बसविला. कोंडक्यांचे सर्वच द्व्यर्थी बोलणे आम्हांस रुचते असे नाही, आणि उत्तरोत्तर ते फार स्वस्त झाले. परंतु तमाशातून आलेल्या त्या विनोदात, निदान 'सोंगाड्या' (१९७१) आणि 'पांडू हवालदार' (१९७५) ह्यांच्या काळात, बाई उलट उत्तर देते. उषा चव्हाणांची नायिका मुकाट्याने ऐकून घेणारी नाही. सभ्य चित्रपटांतील नायिकेस फक्त लाजण्याची मुभा होती. निर्मळ विनोदाच्या कैवाऱ्यांनी ह्या फरकाचा विचार करावा.

आता सर्वांत अडचणीचे उदाहरण. राजकुमार हिरानी हे नागपूरचे. त्यांच्या वडिलांची येथे टंकलेखन शिकविणारी संस्था होती. 'मुन्नाभाई' आला तेव्हापासून त्यांच्या नावाचा आम्हां नागपूरकरांस अभिमान आहे आणि तो सोडण्याचा विचार नाही. त्यांच्या २००९ सालच्या 'थ्री इडियट्स'मध्ये घोकंपट्टी करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या हिंदी भाषणात त्याचा सहाध्यायी एक शब्द बदलतो. 'चमत्कार' ह्या शब्दाच्या जागी 'बलात्कार' हा शब्द घालतो. भाषण करणाऱ्यास हिंदी येत नाही. तो तो शब्द पुनःपुन्हा उच्चारतो आणि सभागृह लोटपोट होते. आम्हीही सीताबर्डीच्या गर्दीतून वाट काढीत सहकुटुंब तो चित्रपट पाहावयास गेलो होतो आणि लोटपोट झालो होतो. ज्या चित्रपटाचा सारा उपदेश अर्थ न समजता शब्द घोकू नका असा, त्याने त्या एका शब्दाचा अर्थ समजून घेतला नाही, ही गोष्ट आमच्या ध्यानात यावयास दहा वर्षे लागली.

ह्यालाही 'त्या काळी चालत असे' हे लावणार काय? २००९ म्हणजे कालचा दिवस. आणि विदर्भात तरी ह्या शब्दाचे वजन त्यापूर्वी माहीत नव्हते असे कोणी म्हणू नये. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर जो अत्याचार झाला, त्यात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांस दोषी ठरविले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सोडले. १९७९ साली चार कायदेपंडितांनी त्या निकालाविरुद्ध उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. तो शब्द आमच्या दारातून दिल्लीपर्यंत गेलेला होता. सव्वीस वर्षांनी आम्ही त्यावर हसलो तेव्हा अज्ञानाची सबब आमच्यापाशी उरली नव्हती. आमची भाची त्या दिवशी आमच्या शेजारी बसली होती. ती हसली होती की नाही, ते आम्हांस आठवत नाही. आम्ही तिच्याकडे पाहिलेच नव्हते.

येथे कोणी म्हणेल की विनोदाला बळी लागतोच. सर्वांस सांभाळून विनोद करू म्हटले तर तो सत्यनारायणाच्या प्रसादासारखा गोड आणि बेचव होईल. बळी लागतो, हे आम्हांस मान्य आहे. चिमणरावात हुंडा घेणारा बळी आहे, 'ब्रह्मचारी'त १९३८ साली अत्र्यांनी ब्रह्मचर्याच्या फुकट प्रतिज्ञा करणारे तरुण बळी दिले, आणि तेव्हाच्या प्रतिष्ठितांस ते मुळीच गोड लागले नाही. ज्याच्या हाती उलट मारण्यास काठी आहे त्याच्यावर विनोद करावयास धैर्य लागते, आणि ते धैर्य पन्नास वर्षांनीही पडद्यावर दिसते. तोतऱ्या गड्यावर विनोद करावयास काय लागते? तो उत्तर देऊ लागला तरी पहिल्याच अक्षरावर अडकणार, ही खात्री.

हे चित्रपट बंद करावे, कापावे किंवा त्यांवर सरकारी शिक्के मारावे, असे आमचे म्हणणे नाही. कात्री ज्यांच्या हाती जाते त्यांची विनोदबुद्धी आम्हांस ठाऊक आहे. 'पडोसन' आम्ही पुन्हा पाहू आणि गाणी म्हणू. फक्त तो पाहताना शेजारी बसलेल्या पोरापाशी आपण काळाचे नाव पुढे करू नये. 'आम्ही हसलो, आणि कोण हसत नाही ते पाहिले नाही', असे सांगावे. जड जाते. आम्ही त्या दिवशी संध्याकाळी बहिणीच्या नातवास असे सांगू लागलो तेव्हा आमचीच जीभ अडखळली, आणि त्या पोराने मोठ्या सौजन्याने आमचे वाक्य पुरे होईपर्यंत वाट पाहिली.

ज्येष्ठ बंधूंचे समाधान झालेले नाही. हा लेख छापण्यापूर्वी त्यांस वाचून दाखविला, तेव्हा ते म्हणाले की तुम्ही लोक आता माणसाला हसूही देणार नाही. मग थोड्या वेळाने, मातोश्रींकडे न पाहता, त्यांनी सुचविले की पुढील भाऊबिजेस राजा परांजप्यांची 'लाखाची गोष्ट' लावू; १९५२ सालची आहे, महिन्याभरात एक लाख रुपये खर्चून दाखविताना दोन कफल्लक तरुणांची जी तारांबळ उडते तीच सगळी गोष्ट आहे, आणि त्यांच्या आठवणीप्रमाणे त्यात कोणी तोतरा नाही. मातोश्री म्हणाल्या, आधी एकदा लावून पाहा.